नवेगावबांधच्या काठावर पाहुणे ठेवायचे तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मूळचे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातले, नऊ वर्षं चाकणला कारखान्यात नोकरी केली. गावात साडेतीन एकर धानाची शेती, वडिलांचं कौलारू घर, मागे मोठी वाडी. गाठीशी आठ लाख आहेत आणि बँक आणखी पंधरा लाख द्यायला तयार आहे. पर्यटकांसाठी पाच कॉटेज, एक छोटा स्विमिंग पूल आणि पाटीवर ‘टायगर’ असं तुमच्या मनात आहे. विचारता की या धंद्यावर घर चालेल का, रोजचं काम कसं असतं, आणि वाघ सोडला तर आपल्याकडे दाखवण्यासारखं आहे तरी काय.

भाऊ, मी नवेगावबांधजवळच्या आमच्या गावात तेरा वर्षांपासून पाहुणे ठेवते. बचत गटाकडून घेतलेल्या चाळीस हजारांवर एका खोलीनं सुरुवात केली, आज दोन खोल्या आहेत. तिसरी मी मुद्दाम बांधली नाही. आधी सरळ उत्तर देते. नुसत्या पाहुण्यांवर घर चालणार नाही. धान आणि पाहुणे मिळून चालेल, आणि चांगलं चालेल. पाच कॉटेज नको, पूल तर नकोच, आणि ते पंधरा लाख बँकेतच राहू द्या.

वाघाचं पहिलं बोलते, कारण तुमचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३ च्या डिसेंबरात हे सगळं जंगल एकत्र करून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. नाव मोठं झालं, पण आपलं जंगल म्हणजे ताडोबा नव्हे. आपल्याकडे झाडी दाट आणि वाघ थोडे. म्हणून तर २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. त्यातही वाघासाठी येणारे लोक पिटेझरी, चोरखमारा या नागझिऱ्याच्या गेटांवर जातात. तुमचं-माझं गाव नवेगावच्या बाजूला. पाटीवर ‘टायगर’ लिहिलं की पाहुणा त्याच नजरेनं येतो. पहाटे काकडत जिप्सीत बसतो, गवे बघतो, चितळ बघतो, नशीब असेल तर रानकुत्र्यांचा कळप बघतो, आणि तरीही परत येतो ते तोंड पाडून. मग जेवणात काही राम राहत नाही. माझी पहिली तीन वर्षं अशीच गेली. आता फोनवर माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “वाघ दिसेलच असं मी सांगत नाही. तलाव मात्र रोज आहे.” ज्यांना वाघच हवा ते तिथूनच दुसरीकडे वळतात. उरतात ते दोन रात्रींसाठी येतात आणि तीन रात्री राहतात.

आता कामाचं वर्ष कसं जातं ते नीट समजून घ्या. चाकणच्या शिफ्टसारखं ते नाही. जंगल साधारण १ ऑक्टोबरला उघडतं आणि ३० जूनला बंद होतं. जुलै-ऑगस्ट म्हणजे आपली रोवणी, भातलावणी. गेट बंद, पाहुणे तुरळक, आणि घरातला प्रत्येक हात बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात. हे दोन्ही एकमेकांना इतकं बरोबर जुळतं, की धानाच्या शेतकऱ्यासाठीच हा जोडधंदा असावा असं मला वाटतं. कापूसवाल्याला हे इतकं सोपं जात नाही. खरी अडचण येते दिवाळीत. शाळांना सुट्या, नागपूर-रायपूरचे लोक गाड्या काढून निघालेले, आणि नेमका तेव्हाच हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापणीला येतो. पहिल्याच वर्षी माझं घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि दोन बांध्यांतला धान पिकून झडायला लागला होता. मजूर मिळेना, कारण सगळ्या गावाचीच कापणी चाललेली. त्या वर्षी जे सांडलं ते सांडलंच. तेव्हापासून मी जवळजवळ सगळीकडे जड धान लावते. तो नोव्हेंबर संपता संपता, डिसेंबरात हाती येतो, तोवर दिवाळीचे पाहुणे येऊन गेलेले असतात आणि नाताळचे यायचे असतात. तुम्ही कोणतं बियाणं घेता यावर तुमची दिवाळी ठरेल, एवढं लक्षात ठेवा.

हिशेब मांडू. साडेतीन एकराला एकरी सोळा क्विंटल धरले तर छप्पन्न क्विंटल धान होतो. २०२५-२६ च्या खरिपाला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे एक लाख बत्तीस हजार. त्यातून नांगरट, परहे (धानाची रोपं), रोवणीची मजुरी, खत, कापणी, चुरणं (मळणी) वजा करा; साठ हजारांच्या आसपास हाती राहिले तर शेती बरी झाली म्हणायचं. आता पाहुणे. दोन खोल्या, प्रत्येक खोली वर्षातल्या नव्वद रात्री भरलेली, दोन माणसांचं राहणं-जेवण मिळून रात्रीचे अडीच हजार. होतात साडेचार लाख. किराणा, मदतीच्या बायांची मजुरी, वीज, गाद्या-चादरी, डागडुजी यात निम्म्याहून जास्त जातात, दोन लाख उरतात. पण नव्वद रात्री पहिल्या वर्षी भरत नाहीत. मला चौथं वर्ष लागलं. आणि तुमचं ते पंधरा लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता वीस हजारांच्या घरात जातो. पावसाळ्यात तीन महिने गेट बंद असतं, हप्ता बंद नसतो.

या हिशेबात आणखी एक ओळ आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे. चिन्नोर. भंडारा जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि तो वाण आपल्या झाडीपट्टीचाच, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याचा. बाजाराला विकायला तो परवडत नाही. उतारा कमी, लोळण्याची भीती, दिवस जास्त. पण एकराच्या तुकड्यावर लावा आणि पाहुण्याच्या ताटात वाढा. भात शिजताना त्याचा वास सपरीपर्यंत, म्हणजे ओसरीपर्यंत येतो. माझ्याकडे एकदा ठाण्याचं एक जोडपं चुकून ऑगस्टमध्ये येऊन पोचलं, जंगल बंद असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बाईसाहेब रडकुंडीला आल्या होत्या. मी म्हटलं, आलाच आहात तर बांधीत चला. चिखल गुडघ्यापर्यंत, वरून भुरभुर पाऊस, आमच्या सोळा बाया एका ओळीत वाकलेल्या, गाणं चाललेलं. त्या बाईंनी साडी खोचली आणि परह्याची पेंडी हातात घेतली. पहिल्या ओळीतली रोपं तरंगून वर आली. आमच्या म्हातारीनं त्यांचा अंगठा धरून दाखवलं, रोप मुळाशी धरून अंगठ्यानं चिखलात दाबायचं आणि बोट अलगद काढून घ्यायचं. दुपारपर्यंत त्यांच्या हाताला ते जमलं. शिदोरीतली आंबील त्यांनी आमच्याबरोबर धुऱ्यावर बसून प्यायली. आज सहा वर्षं झाली, दर जानेवारीत त्या वीस किलो चिन्नोर मागवतात, आणि त्यांच्या इमारतीतली आणखी सात घरं मागवतात. दहा क्विंटल धानाचा सहा क्विंटल तांदूळ होतो. किलोला शंभर धरले तरी साठ हजार झाले. अख्ख्या साडेतीन एकरातून हमीभावानं तेवढेच उरतात. पाहुणा वर्षात एकदा येईल किंवा येणारही नाही, पण तांदूळ मागवत राहील.

घराचं बोलू. वडिलांचं कौलारू घर आहे तर देवानं दिलं समजा, ते पाडू नका. मी दुसऱ्या खोलीला घाईत टिनाचं छत टाकलं, आणि खोलीची लांब भिंत पश्चिमेला. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो. दुपारी त्या खोलीत पाय ठेववत नसे, रात्री अकरालाही भिंत गरम. पुढच्या वर्षी टिन काढून कौलं घातली, आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून तणशीचा (धानाच्या पेंढ्याचा) आडोसा केला. खर्च दुप्पट झाला. मातीच्या जाड भिंती ठेवा, त्यांना पांढऱ्या मातीनं पोतारा, जमीन शेणामातीची नको असेल तर शहाबादी फरशी घाला. पैसे जिथं ओतायचे ती जागा संडास-न्हाणीची. कोरडी, उजेडाची, दार नीट लागणारी, खोलीला लागून. शहरातली बाई बाकी सगळं चालवून घेईल, पण रात्री कंदील घेऊन वाडीत जाणार नाही, आणि तिनं जाऊही नये. पाण्याची टाकी छतावर ठेवाल तर उन्हाळ्यात नळाला उकळतं पाणी येईल. झाडाच्या सावलीत चौथरा बांधून त्यावर ठेवा.

आणि मच्छरदाणी. ही फक्त डासांसाठी नसते. आपल्या भागात मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावलेलं कित्येकदा कळतही नाही. म्हणून पाहुण्याला खाली अंथरूण कधीच घालायचं नाही. पलंग, आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली. प्रत्येक खोलीत बॅटरी. सर्पविषावरचं इंजेक्शन कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे आणि रात्री तिथं डॉक्टर असतो का, हे दर पावसाळ्याच्या आधी स्वतः जाऊन विचारून यायचं. गाडीत नेहमी पेट्रोल ठेवायचं. तेरा वर्षांत माझ्या पाहुण्याला कधी साप चावला नाही, पण माझ्या दिराला चावला होता, आणि तो वाचला तो गाडी दारात होती म्हणून.

आता जरा नाजूक गोष्ट. तुमच्या प्रश्नात पत्नीचा उल्लेख एकाच ठिकाणी आहे, ‘स्वयंपाक घरचीच बघेल’. भाऊ, या धंद्यात स्वयंपाक म्हणजेच धंदा. सफारीला जाणाऱ्यांचा चहा पहाटे साडेचारला लागतो. ते गेले की खोल्या झाडायच्या, चादरी धुवायच्या, नाश्त्याची तयारी. दहाला परत येतात तेव्हा भुकेजलेले असतात. एकाला मुलासाठी कमी तिखट हवं, एकाला मधुमेह, एकाला कांदा-लसूण चालत नाही. दुपारी सगळे झोपतात तेव्हा तुम्ही रात्रीचं बघता. रात्री साडेदहाला शेवटचं ताट घासलं जातं. हे सगळं एकट्या बाईच्या अंगावर टाकलं तर दोन वर्षांत ती आजारी पडेल. माझी तशी वेळ आली होती. सलग अठरा दिवस घर भरलेलं, मला ताप, आणि तरी मी चुलीपुढे. त्यानंतर नियम केला: दोन बाया मदतीला, पाहुणे असले-नसले तरी महिन्याचा पगार, आणि महिन्यातून सलग चार दिवस कुणाचंही बुकिंग घ्यायचं नाही. त्या चार दिवसांत मी माहेरी जाते. पैसा तुमच्या पत्नीच्या हातात आला पाहिजे, बँकेचं खातं तिच्या नावावर पाहिजे. तिचं मन नसेल तर ही गोष्ट इथंच थांबवा आणि चाकणची नोकरी करा. तीही चांगली नोकरी आहे.

दाखवायचं काय, हा तुमचा तिसरा प्रश्न. तुम्ही इथलेच, म्हणून तुम्हाला दिसत नाही. रोजचं डोळ्यांखालून जातं.

आधी तलावच घ्या. नवेगावबांधचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातला असं सांगतात. सभोवार डोंगर, मधे सुमारे अकरा चौरस किलोमीटर पाणी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातले तलाव हजारोंनी आहेत, कोहळी समाजानं बांधलेले, आणि त्यांच्याच जिवावर इथला धान उभा आहे. मालगुजारी गेली तेव्हा तलाव सरकारजमा झाले, गाळ काढणारे हात गेले, कित्येक तलावांत बेशरम नावाची झुडपं माजली. हे पाहुण्याला सांगायचं, लपवायचं नाही. पाळीवर उभं राहून पाणी कुठून येतं, सांडवा कुठं, बोडीतलं (छोट्या तळ्यातलं) पाणी शेवटच्या बांधीला कसं पोचतं हे दाखवलं, की शाळकरी पोरंसुद्धा तासभर प्रश्न विचारतात. ढीवरांचा, म्हणजे मासेमारांचा डोंगा (होडी) पहाटे निघतो. आमच्या गावचे एक काका पाण्यात हात घालून सांगतात की आज मरळ मिळणार का नाही. पाहुण्याला ते डोंग्यात घेत नाहीत, आणि मी आग्रहही करत नाही; काठावर जाळं उलगडताना बघू देतात, तेवढं पुरे. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, पट्टकादंब येतात. एक चांगली दुर्बीण घ्या, दहा-बारा हजारांची. स्विमिंग पूलच्या खर्चाच्या मानानं ती काहीच नाही.

सारस बघायचे असतील तर पाहुण्याला गोंदियाच्या उत्तरेला, वैनगंगा-बाघ नदीच्या काठच्या धानशेतीत न्यावं लागतं. महाराष्ट्रात उरलेले बहुतेक सारस तिथंच. जोडी नेहमी बरोबर असते, घरटं धानाच्या बांधीतच करते. लांबूनच बघायचं, आणि ज्याच्या बांधीत घरटं आहे त्या शेतकऱ्याला आधी विचारायचं. घरटं राखणं हे त्याचं काम आहे आणि त्याच्या धानाचं नुकसानही होतं, म्हणून मी पाहुण्यांना त्याच्याकडून काही ना काही विकत घ्यायला सांगते.

दिवाळी ते होळी आपली नाटकं. झाडीपट्टी रंगभूमीचं नाव पुण्या-मुंबईला हल्ली कानावर जातं, परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा तर बरंच गेलं, पण प्रत्यक्ष बघितलेले थोडे. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा म्हणजे या सगळ्याचं गाव. नाटक कंपन्यांची बुकिंगची दुकानं तिथं रांगेनं आहेत. कुठल्या गावात मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) आहे, कुठं शंकरपट (बैलांची शर्यत) आहे, त्या रात्री कुठलं नाटक आहे, याची यादी दिवाळीनंतर तुमच्या भिंतीवर लागलेली पाहिजे. जानेवारीत मी एका नागपूरच्या कुटुंबाला घेऊन गेले होते. साडेनऊपासून माइकवर हाका, पडदा उघडायला अकरा वाजले. आजी-आजोबा, लहान पोरं, नवीन सुना, सगळं गाव गोधड्या पांघरून बसलेलं. विनोदी पात्र आलं की मांडव हलायचा. तिसऱ्या अंकात सासरच्या छळाचा प्रसंग सुरू झाला तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी उठून उभी राहिली आणि रंगमंचावरच्या नवऱ्याला म्हणाली, “काहून मारतेस गा तिले?” नट क्षणभर थांबला, तिच्याकडे बघितलं आणि त्याच भूमिकेत तिला उत्तर दिलं. नागपूरचे पाहुणे त्यानंतर झोपलेच नाहीत. पहाटे तांबडं फुटताना संपलं, बाहेर कढईतला चहा, आणि धुक्यात बैलबंड्या जुंपणारी माणसं. पाहुण्याला जाड पांघरूण आणि पहाटेचा नाश्ता द्यायला विसरू नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची सफारी घेऊ नका.

बाकीचं भरभर सांगते. गोठणगावजवळ इटियाडोह धरण; त्याच भागात १९७० च्या दशकात वसलेली तिबेटी वसाहत आहे, तिथलं मंदिर बघावं आणि त्यांच्या लोसरच्या, म्हणजे नववर्षाच्या दिवसांत गेलात तर फारच छान. प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा, डोंगरावर महादेव आणि जवळच दर्गा, लोक दोन्हीकडे जातात. सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा, माघ पौर्णिमेला देशभरातले गोंड बांधव येतात. ती त्यांची श्रद्धेची जागा आहे, कॅमेरा खिशात ठेवून जायचं. परतीच्या वाटेवर मोहाडी-आंधळगावला कोशाची (टसर रेशमाची) करवती किनार विणणारे हातमाग आहेत. विणकराच्या घरी बसून साडी घेतलेली बाई ती साडी दहा वर्षं मिरवते. भंडाऱ्यात पितळेची भांडी. पवनीचा किल्ला आणि वैनगंगेचा घाट, आणि वेळ असेल तर आंभोऱ्याचा संगम.

ताटात काय वाढायचं, ते पनीर सोडून काहीही. धोप्याच्या (अळूच्या) पानांची वडी, पातोडीचा रस्सा, लाखोळीच्या डाळीचे वडे, झिंग्यांची चटणी, पावसाळ्यात सात्या (रानातली अळंबी) मिळाल्या तर त्यांच्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात मोहफुलांची भाकरी. पाहुणे मोहाची दारू मागतात, दर आठवड्याला कुणी ना कुणी मागतं. द्यायची नाही. कायद्यात बसत नाही, आणि ज्या घरी दारू मिळते त्या घरात परकी बाई निर्धास्त झोपत नाही.

मोहाची आठवण निघाली म्हणून एक फार गंभीर गोष्ट. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या बाया पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपानं तोडायला. सत्तर पानांचा एक पुडा, असे शेकडो पुडे बांधले की घरात पैसा येतो. वाकून बसलेलं माणूस वाघाला, अस्वलाला माणूस वाटत नाही. आमच्या जिल्ह्यांत त्या पायी माणसं गेली आहेत. पाहुण्याला ‘मोहफुलं वेचण्याचा अनुभव’ म्हणून पहाटे जंगलात नेणारे मी पाहिले आहेत. हे करू नका. वाडीत एखादं मोहाचं झाड असेल तर उजाडल्यावर त्याच्याखाली वेचू द्या. आणि कुणाच्याही घरी वाघानं माणूस नेल्याची बातमी असेल, तर त्या आठवड्यात वाघाच्या गप्पा मारायच्या नाहीत.

कागदपत्रं अवघड नाहीत, फक्त आधी करा. पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे, आणि राज्यानं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आहे. साडेतीन एकरवाल्याला दोन्हींचा विचार करता येतो, पर्यटन खात्याच्या कार्यालयात एकदा जाऊन बसा. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. खाद्यपदार्थांची नोंदणी, छोट्या धंद्याला ती थोडक्या पैशांत होते. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची ऑनलाइन माहिती पोलिसांकडे गेली पाहिजे. एक वीटही रचण्याआधी तुमचा गट नंबर जंगलाच्या संवेदनशील क्षेत्रात येतो का, हे वन खात्याकडून लेखी घ्या. सफारीचं बुकिंग पाहुण्याला त्याच्या स्वतःच्या ओळखपत्रावर करू द्या, तुम्ही मधे पडू नका. आणि आगाऊ पैसे. शहरातल्या एका एजंटानं एकदा ३१ डिसेंबरच्या चार रात्री माझ्या दोन्ही खोल्या अडवून ठेवल्या, पैसे उद्या टाकतो म्हणाला, आणि २९ तारखेला फोन बंद. तोवर मी अकरा जणांना नाही म्हटलं होतं. आता निम्मी रक्कम आल्याशिवाय वहीत नाव चढत नाही, मग तो माझ्या मामाचा मित्र का असेना.

शेवटी गाव. तुम्ही नऊ वर्षांनी परत येताय, गाडी घेऊन, पैसे घेऊन. गाव बघत असतं. मासे ढीवरांच्या संस्थेतून घ्या, बाजारातून नको. दूध शेजारच्या कोठ्यातलं. मटकी कुंभाराकडची. पाहुण्याला फिरवायला गावातलाच पोरगा, आणि त्याला त्याचे पैसे पाहुण्याच्या समोर द्या, म्हणजे किती दिले ते सगळ्यांना कळतं. रोवणीच्या दिवसांत मजूर बायांना जास्त मजुरी देऊन आपल्याकडे ओढू नका. शेजाऱ्याची रोवणी अडली तर तो तुम्हाला माफ करणार नाही. लाउडस्पीकर नाही, रात्री नऊनंतर अंगणातले मोठे दिवे नाहीत. आमच्या गावानं पहिली दोन वर्षं माझ्याशी धड बोलणं सोडलं होतं. ‘शहरातले लोक आणते, गाव बिघडवते’ असं म्हणायचे. मग एका हिवाळ्यात आमच्याकडे उतरलेल्या एका डॉक्टर पाहुण्यांनी सपरीत बसून दिवसभर गावातल्या म्हाताऱ्यांचे डोळे तपासले, एकही रुपया घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात एक टोपलीभर शिंगाडे ठेवलेले होते. कुणी ठेवले ते अजून मला ठाऊक नाही.

आठ लाखांचं असं करा. चार लाखांत जुन्या घराच्या दोन खोल्या, न्हाणी, टाकी. एक लाख अंथरूण-पांघरूण, भांडी, मच्छरदाण्या, दुर्बीण. तीन लाख बँकेत. दोन वर्षं पाहुणे कमी आले तर घरखर्च त्यातून. नोकरी सोडण्याआधी महिनाभराची रजा मिळते का बघा. जानेवारीत माझ्याकडे या, पत्नीला घेऊन, पाहुणे म्हणून नव्हे. चार दिवस पहाटे साडेचारला माझ्याबरोबर उठा, तिला तिच्या मनानं काय वाटतं ते बघू द्या. चौथ्या दिवशी मी तिच्याशी एकटीशी बोलेन. त्या आठवड्यात जवळच्या एखाद्या गावात नाटक असेलच. पांघरुणं मी देईन, पायात मात्र मोजे घालून या.